कास पठार: इंचभर माती, साडेआठशे नवलं

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून वर आलं की साधारण २५ किलोमीटरवर कास पठार लागतं. उंची समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या आसपास, पसारा दहा चौरस किलोमीटरच्या घरात. मे महिन्यात याल तर काळा-तांबूस दगड आणि वाळकं गवत. सप्टेंबरात याल तर पाऊल कुठे टाकावं असा प्रश्न! फुलणाऱ्या वनस्पतींच्या ८५०हून अधिक जातींची इथे नोंद आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात महाराष्ट्रातली चार आहेत: कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. पहिली तीन घनदाट जंगलं. कास मात्र उघडाबोडका सडा, तरीही त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला.

पायवाटेने चालताना कुठे थांबायचं, कुठे वाकायचं आणि कशाचं नवल करायचं, त्याची ही चटकदार यादी.

१. माती गरीब, म्हणूनच फुलं श्रीमंत

सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर लाखो वर्षं ऊन-पाऊस झाला, त्यातली सिलिका वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. तोच आपला जांभा. कासवर या जांभ्यावर कुठे इंचभर, कुठे त्याहूनही कमी माती आहे. त्यात पावसाळ्यात धो-धो पाणी पडतं आणि उरलंसुरलं खतही धुऊन नेतं. मोठ्या झाडाला मूळ रोवायला जागाच नाही. झाड नाही म्हणून सावली नाही, आणि सावली नाही म्हणून बुटक्या, नाजूक, उन्हाला हपापलेल्या रोपांचं राज्य. इथली माती सुपीक असती तर उंच गवत आणि झुडपं माजली असती आणि ही फुलं कधीच दबून गेली असती.

२. एकदा पाहून कास पाहून होत नाही

‘कासला कधी जायचं?’ या प्रश्नाला एक तारीख सांगताच येत नाही. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर सापकांदा आणि पांढरी ऑर्किड डोकं वर काढतात. जुलै-ऑगस्टमध्ये चवर आणि पंद येतात. मग पांढरे गेंद, त्यांच्यासोबत निळी-जांभळी सीतेची आसवे, नंतर तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा. ऑक्टोबरात गवत पिवळं पडू लागतं आणि जांभळी मंजिरी वासाने लक्ष वेधून घेते. पाऊस लांबला की सगळा क्रम पुढे सरकतो, उघडीप मिळाली की एखादा रंग चार दिवसांत उसळून येतो. तीन आठवड्यांच्या अंतराने गेलेल्या दोघांनी आपापले फोटो शेजारी ठेवले तर एकाच जागेचे आहेत यावर विश्वास बसायचा नाही.

३. सीतेची आसवे: गोड नाव, तिखट भूक

ओलसर जागी नखाएवढ्या निळसर जांभळ्या फुलांचा थवा दिसला की खाली बसा. हीच सीतेची आसवे. वर इतकं कोवळं दिसणारं हे रोप मातीखाली शिकार करतं. याला खरी मुळं नसतात. चिखलात बारीक धागे पसरलेले असतात आणि त्यांना टाचणीच्या डोक्याहूनही लहान पिशव्या लटकलेल्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून स्वतःला आक्रसून ठेवते. तिच्या दाराशी केस असतात. चिखलातल्या पाण्यात पोहणारा एखादा सूक्ष्म जीव त्या केसाला लागला की दार आत उघडतं, पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो आणि दार बंद! हे सगळं सेकंदाच्या काही हजारांश भागात आटोपतं. वनस्पतिसृष्टीतल्या सर्वांत चपळ हालचालींत याची गणना होते. पुढच्या वेळी ‘किती गोंडस फूल’ म्हणाल तेव्हा जमिनीखाली चाललेली धावपळही आठवा.

४. दवबिंदू: ऊन चढलं तरी न सुकणारा

सकाळचे दहा वाजलेत, गवतावरचं दव कधीच उडालंय, पण एका तांबूस रोपावर थेंब अजून चमकताहेत. जरा जवळून पाहा. पानावर उभे असलेले लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला पारदर्शक थेंब. तो दवाचा नाही, चिकट द्रवाचा आहे. चिलट त्यावर बसलं की पाय अडकतात. सुटायला धडपडावं तेवढं आणखी गुंतत जातं. आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात आणि पाचक रस सुटतो. चार्ल्स डार्विनला दवबिंदूच्या कुळाने असं वेड लावलं होतं की १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर त्याने लिहिलेल्या पुस्तकाचा मोठा भाग या एकाच प्रकारच्या रोपांनी व्यापला आहे.

मग ही रोपं मांसाहारी का झाली? उत्तर पहिल्या मुद्द्यात दडलं आहे. मातीत नायट्रोजन नाही, तर तो किड्यांमधून मिळवायचा!

५. मिकी माऊसने काढली वेगळी वाट

पोरांचं सर्वांत लाडकं फूल हे. पिवळ्याधमक पाकळीवर दोन तांबडे ठिपके, आणि फूल समोरून पाहिलं की खरंच मिकी माऊस! ते ठिपके आपल्या करमणुकीसाठी नाहीत. मध कुठे आहे ते मधमाशीला दाखवणारी ती खूण आहे. खरी गंमत मुळांत आहे. मिकी माऊस शेंगवर्गीय कुळातला, म्हणजे मूग-मटकीचा भाऊबंद. त्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन पकडून देतात. शेजारच्या दवबिंदूने किडे पकडले, याने जिवाणूंशी भागीदारी केली. अडचण एकच, तोडगे दोन, आणि दोन्ही हातभर अंतरावर पाहायला मिळतात. पावसाळ्यात रानभाजी म्हणून खाल्ला जाणारा कवला याच गणातला.

६. एक फूल? छे, अनेक!

पठारावर पांढऱ्या बटणांसारखे दिसणारे गेंद हजारोंनी डोलत असतात. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो खरं तर बारीक बारीक फुलांचा गुच्छ असतो, त्यात नरफुलंही असतात आणि मादीफुलंही. सोनकीचं तेच. तिच्या कडेला दिसणारी प्रत्येक पिवळी ‘पाकळी’ हे स्वतंत्र फूल आहे आणि मधल्या चकतीत आणखी कितीतरी फुलं दाटीवाटीने बसलेली आहेत. सोबत भिंग असेल तर इथे बाहेर काढा.

७. तेरड्याचा रंग तीन दिवस? इथे नाही!

घरोघरी गौरींबरोबर येणारा तेरडा म्हणीत मात्र टिकत नाही म्हणून बदनाम. कासवर तो आठवडेच्या आठवडे गुलाबी रंग उधळत असतो. एकेक फूल लवकर कोमेजतं हे खरं, पण मागे कळ्यांची रांग तयार असते. बी पसरवण्याची त्याची तऱ्हाही झक्कास. पिकलेल्या बोंडाच्या भिंती ताणलेल्या असतात. वाऱ्याचा, पावसाच्या थेंबाचा किंवा किड्याचा धक्का लागला की बोंड तडकतं, भिंती गुंडाळल्या जातात आणि बिया दूर उडतात. हा खेळ पाहायचा तर घरच्या कुंडीतल्या तेरड्याला बोट लावा. पठारावर हात मागे बांधूनच बरे.

८. वायतुरा: साताऱ्याचा मानकरी

पठारावरच्या उथळ डबक्यांत ऐन पावसाळ्यात एक फुलोरा वर येतो. एकाच दांड्याला फुटलेली दोन शिंगं, रंग फिकट गुलाबी-जांभळा. हा वायतुरा. याचं शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे सातारा थेट नावातच. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही नवी जात म्हणून जगापुढे आणली. त्यांच्यात पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नावारूपाला आलेले एस. आर. यादवही होते. नर आणि मादी वेगवेगळ्या रोपांवर. डबकं आटलं की वर काहीच दिसत नाही. कंद जमिनीत झोपी जातो आणि पुढच्या पावसाला जागा होतो. पठारावरच्या चाकोरीत साचलेलं पाणी ओलांडायला गाडी घालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं: ते डबकं म्हणजे कुणाचं तरी अख्खं जग असू शकतं.

९. कंदीलपुष्प: पाहुण्याला मुक्काम सक्तीचा

गवताच्या पात्यांत दडलेलं, हिरवट आणि लांबट फूल. वाटसरूंपैकी बहुतेकांना दिसतच नाही. खालून फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेली जाळी. वासाने भुललेली बारीक माशी नळीतून आत घसरते. नळीच्या आत खाली झुकलेले केस असतात, त्यामुळे आत जायला वाट आणि बाहेर यायला बंदी. तळाशी फिरताना परागांची जुडी माशीला चिकटते. मग केस मऊ पडतात, फूल कलतं आणि माशी सुटून दुसऱ्या फुलाकडे जाते. किडा मारायचा नाही, फक्त अडकवून काम करून घ्यायचं! कंदीलपुष्पांच्या बऱ्याच जाती पश्चिम घाटाबाहेर कुठेच सापडत नाहीत. त्यांचे कंद खाल्ले जातात, त्यामुळे काही जाती फार थोड्या उरल्या आहेत. गाइडने एखादं दाखवलं तर ठिकाण चारचौघांत सांगत सुटू नका.

१०. सापकांदा: आज नर, उद्या मादी

पहिल्या पावसात फणा काढून उभा राहणारा पांढरा सापकांदा लहान मुलांना दचकवतो. या गणातल्या अनेक जातींची रीत अजब. कंद लहान असेल तेव्हा रोप नर. दोन-चार वर्षं अन्न साठवून कंद भरला की तेच रोप मादी होतं, कारण फळं धरायला ताकद लागते. एखादं वर्ष हलाखीचं गेलं तर पुन्हा नर! परागकण तयार करणं स्वस्त, बी तयार करणं महाग, हा हिशोब रोपाने अचूक मांडला आहे.

११. पाकळ्या गळत नाहीत, विरघळतात

नभाळी आणि अबोलिमा ही दोघं एकाच कुळातली. यांचं फूल उमलतं ते काही तासांसाठी. मग पाकळ्या सुकून खाली पडत नाहीत, तर जागच्या जागी विरून ओलसर लगदा होतात. सकाळी ज्या जागेचा फोटो काढला तीच जागा दुपारी परतताना वेगळी दिसते ती यामुळे. परतीची वाट कंटाळवाणी होत नाही, हा त्याचा फायदा.

१२. सात वर्षांची तपश्चर्या

पठारावर पालथी टोपली ठेवावी तशी गोलसर झुडपं दिसतात. ती टोपली कारवी. वर्षानुवर्षं नुसती पानं आणि सातेक वर्षांनी एकाच मोसमात साऱ्यांचा बहर. उतारांवरच्या जंगलातली तिची मोठी बहीण कारवी. तिची फेरी सात-आठ वर्षांची. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. केरळातली नीलकुरिंजी याच घराण्यातली, ती तर बारा वर्षं थांबते.

सगळ्यांनी एकदमच का फुलायचं? शास्त्रज्ञांचा एक तर्क असा: एकाच वेळी इतकं बी पडतं की ते खाणाऱ्या किड्या-पाखरांची पोटं भरून जातात आणि तरीही भरपूर बी शिल्लक राहतं. एकदा फुलली की कारवी मरते. तिची बोंडं वाळून झाडावरच राहतात आणि पुढच्या पावसाचा ओलावा लागला की तडतड फुटतात. रानात तेव्हा हा आवाज ऐकू येतो. कारवीच्या बहराचा मध घट्ट आणि गडद असतो, आणि तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती डोंगरकपारीतल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत.

१३. धुळीएवढं बी, बुरशीचा आधार

टूथब्रश ऑर्किड नाव का पडलं ते पाहताक्षणी कळतं: दांड्याच्या एकाच बाजूला ओळीने बसलेली पांढरी फुलं. या ऑर्किडचं बी इतकं सूक्ष्म की त्यात अन्नाचा साठाच नसतो. मातीतल्या ठरावीक बुरशीशी गाठ पडली तरच ते रुजतं. म्हणून कासचं ऑर्किड उपटून घरच्या कुंडीत लावणं म्हणजे त्याला मारणंच. मातीतलं ते जग कुंडीत येत नाही.

१४. गुरांनाही फुलांत वाटा?

गर्दी वाढली तशी पठाराला तारेची जाळी लावली गेली. माणसं आवरली, पण शेकडो वर्षं इथे चरणारी गुरंही बाहेर राहिली. गुरं गवत खातात, बुटक्या रोपांना उजेड मिळतो, शेणाने थोडं खत मिळतं. जाळीनंतर गवत माजलं आणि फुलं घटली, असं गावकरी आणि काही अभ्यासक सांगू लागले. बरीच चर्चा झाली आणि अखेर जाळी निघाली. निसर्ग राखायचा म्हणजे कुंपण घालून कुलूप लावायचं, इतकं ते सोपं नाही, हा धडा कासने सगळ्या महाराष्ट्राला दिला. आज वनविभागाच्या जोडीला कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांची संयुक्त वनव्यवस्थापन समिती मोसम सांभाळते. तिकीट, पार्किंग, वाटांवरची राखण, वाटाड्यांचं काम हे सगळं गावातल्या पोरांच्या हाताला मिळालं आहे.

१५. सातारकरांच्या हंड्यातलं कास

पठाराच्या कुशीतला कास तलाव ब्रिटिश अमदानीपासून सातारा शहराची तहान भागवतो. तलाव उंचावर आणि शहर खाली, त्यामुळे पाणी उतारानेच येतं. म्हणजे पठारावर टाकलेली प्लॅस्टिकची बाटली ही कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर टाकलेली असते.

निघण्याआधी एवढं करा

शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी वाटा मोकळ्या असतात आणि गाइडला प्रश्न विचारायला सवड मिळते. मोसमात ऑनलाइन नोंदणी करूनच निघा, कारण दिवसाच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असते. सकाळी लवकर पोचा. पायात जांभ्यावर न घसरणारे बूट हवेत आणि पाठीवर रेनकोट. धुकं आणि ऊन एका तासात दोन-तीनदा जागा बदलतात. छत्रीपेक्षा भिंग उपयोगी.

स्थानिक वाटाड्या जरूर घ्या. एकट्याने चालाल तर गालिचा दिसेल, त्याच्याबरोबर चालाल तर गालिच्याचे धागे दिसतील. पाय चालण्यास तयार असतील तर महाबळेश्वरच्या दिशेने जाणाऱ्या जुन्या राजमार्गाने कुमुदिनी तळं गाठा. पाण्यावर पांढऱ्या कुमुदिनी पसरलेल्या असतात, पाकळ्यांच्या कडा झालरीच्या. वेळ उरला तर बामणोलीला शिवसागराचं पाणी, दुसऱ्या अंगाला सज्जनगड आणि ठोसेघरचा धबधबा आहेच. परतताना साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला विसरू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं: फोटोसाठी फुलांत बसू नका, झोपू नका, वाट सोडू नका. इंचभर मातीत पिशव्या, कंद, गाठी आणि बुरशी असा सगळा संसार दाटलेला आहे. एक बूट पडला की माती दबते, पाणी मुरायची वाट बंद होते आणि पुढच्या वर्षी त्या जागी फक्त दगड दिसतो. पायवाट जितकी रुंद होते तितकं पठार कमी होतं.

कास एकटं नाही

पाचगणीचं टेबललँड, चाळकेवाडीचा पवनचक्क्यांचा माळ, कोल्हापूरचं मसाई पठार, रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कातळसडे: सगळीकडे हाच जांभा, हीच पातळ माती, हीच चार महिन्यांची घाई. फरक एवढाच की कासला जागतिक वारशाचा शिक्का मिळाला आणि बाकीच्यांच्या वाट्याला ‘पडीक’ हा शब्द आला. पडीक म्हटलं की चिरेखाण चालते, रस्ता जातो, प्लॉट पडतात. आठ महिने काळी ठिक्कर दिसणारी जमीन रिकामी नसते, हे कासवर एकदा डोळ्यांनी पाहिलं की आपल्या गावच्या सड्याकडे बघायची नजर बदलते. यंदा कासहून पाच फुलं ओळखायला शिकून या आणि पुढच्या पावसाळ्यात तीच पाच आपल्या जवळच्या माळावर शोधा. सापडली तर फोटो आणि जागेची नोंद घेऊन ग्रामपंचायतीला, शाळेला, वनविभागाला कळवा. ज्या माळावर काय काय उगवतं ते गावाला ठाऊक आहे, तो माळ पडीक म्हणून खपवणं कुणालाही जड जाईल.